कागदाची उजवी बाजू

"मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गाठ अडकलीय," डॉक्टर माझ्या मुलाला म्हणाले. "याला स्ट्रोक म्हणतात. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही गेलंय. सकाळीच आणलं असतं तर..."

पुढचं त्यांनी गिळलं. मी त्यांच्यापासून दीड हातावर खाटेवर पडले होते. शुद्धीत होते. शब्दन् शब्द ऐकत होते. मला म्हणायचं होतं, अहो, मला सांगा की, तब्येत माझी आहे. तोंडातून निघालं, "पातेलं."

डॉक्टरांनी दिलीपकडं पाहिलं. दिलीपनं खाली पाहिलं. आणि त्या घडीपासून लोकांनी माझ्याशी बोलणं सोडून माझ्याविषयी बोलायला सुरुवात केली.

मी शिकलेली बाई नाही. दुसरीतून शाळा सुटली. लग्न होऊन हर्सूलला आले तेव्हा मालकांच्या किराणा दुकानात पुड्या बांधायचे जुने कागद असायचे, ते वाचून वाचून मी वाचायला शिकले, आणि मग सही करायला. पुन्हा अंगठा द्यायचा नाही, असं मनाशी ठरवलं होतं. हे सगळं मी डाव्या हातानं वहीत लिहितेय. दिवसाला पान-दीड पान होतं. माझी सून वैशाली ते मोबाइलवर उतरवून घेते. तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी पडून असेल, तर तुमच्यासाठी लिहितेय. गोड लिहायला मला जमणार नाही, ते आधीच सांगते.

संक्रांतीचा दुसरा दिवस होता. सकाळी चहाची कपबशी हातातून सुटली. जीभ जड लागली. दिलीप म्हणाला, "काल तीळगूळ लई झाला असेल, पित्त चढलंय." मला लिंबूपाणी देऊन झोपवलं. दुपारी तोंड वाकडं झालं तेव्हा गाडी काढली. तोवर गाठ विरघळवणाऱ्या इंजेक्शनची वेळ टळून गेली होती. कपबशी पडली, तोंड वाकडं दिसलं, बोलणं अडखळलं, तर लिंबू पिळत बसू नका. उचला आणि पळा.

अकरा दिवस दवाखान्यात काढले. माझ्या न बोलण्याला अफेझिया असं नाव आहे. म्हणजे शब्द डोक्यात असतात, पण तोंडाकडं यायची वाट त्यांना सापडत नाही. अक्कल शाबूत असते. हे डॉक्टरांनी सांगितलंसुद्धा, पण ऐकतं कोण. गल्लीत माझी ओळखच बोलणारी बाई म्हणून. भाजीवाला मला टाळून पुढच्या गल्लीतून जायचा, अर्धा तास जातो म्हणून. असल्या बाईच्या तोंडात एकच पातेलं उरलं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी एका डॉक्टरांनी डोळ्यांसमोर बोटं धरून विचारलं, "किती बोटं?" मला दोन दिसत होती. मी म्हटलं, "पातेलं." त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच. ते कागदावर काहीतरी लिहून म्हणाले, "डोळ्यांचं नंतर बघू."

हे वाक्य लक्षात ठेवा. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. रांगेत माझ्यामागं आणखी माणसं होती. पण ते 'नंतर' पुढं कधी आलंच नाही, आणि ते आठवून द्यायला माझ्याकडं जीभ नव्हती.

घरी आले. पहिला महिना वैशालीनं भरवलं. मग मी डाव्या हातानं खायला लागले. डाव्या हातानं जेवायची लाज मला आजही वाटते. आणि तिथूनच एक भांडण सुरू झालं, जे भांडण आहे हे मला माहीतच नव्हतं.

आमच्याकडं ताट वाढायची रीत आहे. डावीकडं मीठ, लिंबू, चटणी, लोणचं. उजवीकडं भाजी आणि वरण. वैशाली माहेरची शिस्तीची, आजाऱ्याचं ताटसुद्धा रीतीनं वाढायची. आणि मी रोज चटणी-भाकरी खाऊन ताट सरकवायचे. भाजी तशीच. वरण तसंच. मला वाटायचं, आजारपणात पथ्य म्हणून भाजी देत नसतील. तिला वाटायचं, सासूबाई मुद्दाम हात लावत नाहीत.

एक दिवस ती स्वयंपाकघरातून आईशी फोनवर बोलताना ऐकलं. "तोंड बंद पडलं तरी टोमणे बंद नाही झाले, आई. मी केलेल्या भाजीकडं बघतसुद्धा नाहीत." मी भिंतीपलीकडं पडून विचार करत राहिले, कुठली भाजी?

आणखीही होतं. उजवा खांदा दाराच्या चौकटीला धडकून काळानिळा पडायचा. माझी जाऊ भेटायला आली, उजवीकडच्या खुर्चीत बसून तासभर बोलली आणि रागावून गेली, मी एकदाही तिच्याकडं पाहिलं नाही म्हणून. केस विंचरले की अर्धे तसेच. सगळ्याला घरात एकच उत्तर होतं. म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय.

फेब्रुवारीच्या शेवटी मानसी आली.

मानसी माझ्या धाकट्या भावाची मुलगी, करमाडची. मानसशास्त्रात बी.ए. झालेली. तिला पुण्याला आर्ट थेरपीत एम.ए. करायचं होतं. आर्ट थेरपी म्हणजे चित्रातून उपचार. ज्याला बोलता येत नाही त्यानं रंगातून बोलायचं, आणि शिकलेल्या माणसानं ते नीट ऐकायचं. तिथं अर्ज करायला तीन गोष्टी लागतात. स्वतःचं काम दाखवणारी फाईल, एखाद्या गरजू माणसासोबत शंभर तास बसल्याची नोंद, आणि एक निबंध. मग मुलाखत.

गरजू माणूस शोधायला तिला लांब जावं लागलं नाही.

खोटं का बोलू, ते दिवस माझ्या आजारातले सगळ्यात चांगले दिवस होते. ती दुपारी यायची, सतरंजीवर माझ्यासमोर बसायची, कोरा कागद आणि तेलखडू ठेवायची आणि म्हणायची, "आत्या, तू सांग. काय बी काढ." तू सांग! दीड महिन्यात मला कुणी असं म्हटलं नव्हतं. मी दारात रोज रांगोळी काढणारी बाई. उजवा हात मेला होता, पण ठिपके डोळ्यांत होते. मी डाव्या हातानं रांगोळ्या काढल्या, तुळस काढली, हर्सूलचा तलाव काढला, मालकांचं दुकान काढलं. ओळी वाकड्यातिकड्या, पण प्रत्येक वेळी मी कागद भरून काढायचे. निदान मला तसं वाटायचं.

ती प्रत्येक चित्राचा फोटो घ्यायची, मागं तारीख टाकायची, डायरीत तास लिहायची. असे बावीस कागद झाले.

एप्रिलमध्ये तिनं एक इंग्रजी कागद पुढं केला. "चित्रं अर्जाला जोडायला तुझी परवानगी लागते, आत्या. नुसती रीत आहे." सही करणारा हात तर गेलेला. तिनं निळ्या शाईची डबी आणली आणि माझा डावा अंगठा धरून कागदावर टेकवला. चाळीस वर्षांनी. तिला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. सांगायला मला येत नव्हतं. शाई चार दिवस राहिली.

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी तिनं आपला निबंध मराठीत करून आम्हा सगळ्यांना वाचून दाखवला. भाऊ करमाडहून आला होता. दिलीप होता, वैशाली दारात उभी होती.

निबंधात असं होतं. माझी आत्या प्रत्येक चित्रात कागदाची उजवी बाजू मोकळी सोडते. रांगोळी अर्धी, तलाव अर्धा, दुकान अर्धं. आत्याचे यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. संध्याकाळी ओट्यावर ते कायम तिच्या उजव्या हाताला बसायचे. ती रिकामी जागा त्यांची आहे. शब्द गेलेल्या या बाईनं आपलं दुःख कोऱ्या कागदातून सांगितलं, आणि ते मला वाचता आलं. म्हणून मला हे शिकायचंय.

ओट्यावर मालक उजवीकडं बसायचे, हे खरं आहे. वैशालीनं पदर डोळ्यांना लावला. भाऊ नाक शिंकरत म्हणाला, "पोरीनं नाव काढलं."

मी मात्र हादरले. मोकळी? मी कुठं मोकळी सोडली? मी तर कागदभर काढलं होतं! मी "नाय, नाय" म्हणून ओरडायला लागले, डावा हात सतरंजीवर आपटला. मानसीनं मला मिठी मारली. "बघा," ती रडत म्हणाली, "साचलेलं बाहेर पडतंय."

मी तिच्या हातातला कागद ओढला. तलावाचा होता. मी बघितलं. मला तो पूर्ण दिसला. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत.

मग घरातली चार डोकी म्हणतात अर्धा, आणि मला दिसतो पूर्ण. खोटं कोण? रात्रभर विचार केला आणि सकाळी मी हार मानली. म्हटलं, असेल बाई. शिकलेली पोर आहे, तिला माझ्या मनातलं माझ्यापेक्षा जास्त कळत असेल. आजारपणात माणूस सगळ्यात आधी काय गमावतं विचाराल तर मी सांगेन, स्वतःवरचा भरवसा. हात-पाय त्याच्या मागून जातात.

जुलैच्या सुरुवातीला निकाल आला. मानसीला जागा मिळाली. निबंध वाचून तिथल्या एका बाईंचे डोळे भरून आले होते म्हणे. घरात पेढे आले. तोवर मी काठी घेऊन चालायला लागले होते आणि दहा-वीस शब्द परत आले होते. मी पेढ्यांची पिशवी काठीच्या मनगटात अडकवली आणि समोरच्या नसीमभाभींना द्यायला निघाले. गल्ली ओलांडायची, एवढंच. भाची पास झाली ना माझी.

उजवीकडून स्कूटर आली. मला ती दिसलीच नाही. ऐकू आली तेव्हा मी खाली होते आणि पेढे धुळीत.

"अहो आजी, दिसत नाही का तुम्हाला?" स्कूटरवाला ओरडला.

सहा महिन्यांत मला बरोबर प्रश्न विचारणारा तो पहिला माणूस. नसीमभाभी धावत आल्या. "हाय अल्ला, भाभी, हाथ तो देखो," म्हणून त्यांनी आपल्या ओढणीनं माझा हात बांधला. डावं मनगट मोडलं होतं. एकुलता एक चालणारा हात.

दुसरा दवाखाना. हाडाच्या वॉर्डात मनगटाला सळई घालायची ठरली. भूल देण्याआधी तपासायला एक शिकाऊ डॉक्टर आली. बारीक चणीची, डोळे तांबारलेले, दोन रात्रींची ड्युटी झालेली असावी. तिनं जुने कागद चाळले. मग दिलीपला विचारलं, "स्कूटर कुठल्या बाजूनं आली?"

"उजव्या."

"आणि आधी कधी उजवीकडं धडकतात का?"

दिलीप म्हणाला, "रोजच. डोक्यावर परिणाम झालाय."

ती कागद बाजूला ठेवून माझ्यासमोर खाटेवर बसली. "आजी, बोलू नका. बोलायची गरजच नाही. माझ्या नाकाकडं बघत राहा. बोट हललेलं दिसलं की फक्त मान हलवा." तिनं दोन्ही हात बाजूला पसरले. डावीकडं मी मान हलवली. पुन्हा डावीकडं. मग बराच वेळ काहीच नाही. मी वाट बघत होते.

"आजी, एवढ्यात मी उजवीकडचं बोट सात वेळा हलवलं," ती हळू आवाजात म्हणाली.

दोन मिनिटं लागली. घड्याळ लावून दोन मिनिटं.

तिनं मला सांगितलं. दिलीपला नव्हे, मला. "तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. पण उजवीकडचं जग मेंदूपर्यंत पोचत नाही, त्याला हेमिअनोपिया म्हणतात. आणि त्या बाजूला काही आहे हे भानच मेंदूनं सोडलंय, त्याला नेग्लेक्ट म्हणतात. उजव्या बाजूला असं कमी वेळा होतं. त्यात तुम्हाला बोलता येत नव्हतं, म्हणून राहून गेलं. जे दिसत नाही ते दिसत नाही हेही कळत नाही, आजी. तुम्ही वेड्या नाही."

तुम्ही वेड्या नाही. मी लहान पोरीसारखी रडले. माझे दोन्ही हात निकामी होते, तिनंच डोळे पुसले.

मग वैशाली, जी तोवर कोपऱ्यात उभी होती, ती म्हणाली, "डॉक्टर, आई चित्रं काढतात. सगळी अर्धी असतात." दिलीपनं घरून ती आणली. डॉक्टरीणबाईंनी माझ्या पायाशी चादरीवर ओळीनं मांडली आणि उभ्या राहून बघत राहिल्या. "पहिलं चित्र मार्चचं आहे," त्या म्हणाल्या. "चार महिने या सांगत होत्या. कुणी दाखवली नाहीत ही कुठल्या डॉक्टरांना?"

वैशालीचा चेहरा पार उतरला. तिला भाजी आठवली असणार.

मानसी संध्याकाळी आली. ऐकलं आणि पांढरी पडली. "आत्या, मला वाटलं..." एवढंच म्हणाली. मी तोंडात शब्द गोळा केले आणि विचारलं, "सांग...शील? तिथं?"

ती बोटं मोडत बसली. मग म्हणाली, "आता सगळं पक्कं झालंय गं. आणि निबंधातली भावना तर खरीच होती ना, आत्या?"

भावना कुणाची, असं मला विचारायचं होतं. तेवढे शब्द जमले नाहीत.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला. "अक्का, पोरीच्या आयुष्याचा सवाल आहे. बरं वाईट जे झालं ते झालं. तू आता मोडता घालू नको." मी त्याला लहानपणी कडेवर घेऊन नदीवर जायचे. तो माझ्या उजवीकडं उभा राहून बोलत होता. मला नुसता आवाज येत होता.

सहा आठवडे प्लास्टर. ना हात, ना धड तोंड. उजवीकडं मान वळवायचा व्यायाम एवढंच काम होतं. कागदाच्या, पुस्तकाच्या, ताटाच्या उजव्या कडेला लाल पट्टी लावायची आणि ती सापडेपर्यंत मान वळवत राहायची. पहिले दिवस वाटतं, ही लोकं मस्करी करतायत, पट्टी नाहीच. मग एक दिवस ती दिसते. मी तलावाच्या चित्राला वैशालीकडून पट्टी लावून घेतली आणि वळत वळत गेले. पाणी संपलं. काठ नाही, झाड नाही, काही नाही. पांढराशुभ्र अर्धा कागद. पहिल्यांदा मला माझं चित्र दिसलं.

ऑगस्टच्या अखेरीस मानसी निघाली. कॉलेजात नव्या मुलांच्या कामाचं प्रदर्शन होतं, तिला मूळ चित्रं हवी होती, आणि आणखी एका परवानगीच्या कागदावर अंगठा. शाईची डबी सोबत होतीच.

मी तयार होते. प्लास्टर निघून आठवडा झाला होता. चार दिवस खपून मी बावीसच्या बावीस कागदांवर, उजव्या रिकाम्या जागेत, काळ्या खडूनं लिहून ठेवलं होतं, 'इथं मला दिसत नव्हतं.' अक्षरं उंटाच्या पायासारखी, पण लाल पट्टीपर्यंत नेलेली. खाली माझी सही.

तिनं गठ्ठा उघडला. "आत्या! हे काय केलंस! मूळ चित्रं होती ही!"

"माझीच... ना?" मी म्हटलं.

"असं लिहिलेलं तिथं लावलं तर माझा निबंध खोटा पडतो."

"पडू दे. परवानगी आहे. अशीच ने."

तिनं शाईची डबी पिशवीत परत टाकली. मग पाया पडली, डोळे पुसले आणि गेली. चित्रं सतरंजीवर तशीच. जुने फोटो तिच्याकडं होतेच. त्यातलेच मोठे करून लावले, असं पुढं भावाकडून कळलं.

दर रविवारी तिचा फोन येतो. मी घेते. पोटची नसली तरी पोर आहे. एका रविवारी म्हणाली, "आत्या, पहिल्याच आठवड्यात शिकवलं, चित्राचा अर्थ आपण सांगायचा नाही, काढणाऱ्याला विचारायचा. आणि शंका आली तर आधी डॉक्टर." आवाज रडवेला होता. मी म्हटलं, "अर्ज करायच्या आधी शिकवायला पाहिजे होतं, बाई." तिनं अजून तिथं कुणाला सांगितलेलं नाही. माफ केलं असं मी लिहिलं, तर तोही एक खोटा निबंधच होईल.

ती बावीस चित्रं मी तपासणीला जाते तेव्हा पिशवीत घेऊन जाते. बाहेर बाकड्यावर कुणाचा ना कुणाचा म्हातारा बसलेला असतो, आणि घरचे म्हणत असतात, हल्ली ऐकत नाहीत, हट्टी झालेत. मी चित्रं काढून मांडीवर ठेवते. अर्ध्या शब्दांत का होईना, सांगते. घरात कुणी अर्धं ताट सोडत असेल, एकाच बाजूला धडकत असेल, तर रागावू नका आणि रडूही नका. डॉक्टरांना म्हणा, दोन्ही बाजूंना बोटं हलवून बघा. दोन मिनिटं.

त्या शिकाऊ डॉक्टरीणबाईंचं नाव मी विचारलं नाही, तेव्हा नावं जिभेवर राहत नव्हती. त्यांचे उपकार आहेत. आणि दुसरे वैशालीचे. तिनं माफी मागितली नाही, मीही नाही. प्लास्टर काढून दवाखान्यातून आलो त्या दिवशी तिनं रीतीनं ताट वाढलं, डावीकडं चटणी, उजवीकडं दोडक्याची भाजी. माझी भाकरी अर्धी झाली तशी पुढं आली आणि काही न बोलता ताट गर्रकन अर्धं फिरवलं. भाजी माझ्यासमोर आली.

मी घास घेतला. वैशाली बघत उभी होती.

"मीठ," मी म्हटलं. शब्द शोधत बसले. "मीठ... लई झालंय."

"सहा महिने वाट बघतेय हे ऐकायची," ती म्हणाली, आणि माझ्या उजवीकडं खाली बसून तोंडाला पदर लावून रडायला लागली. मी आधी ऐकून घेतलं. मग मान उजवीकडं वळवत वळवत नेली, आणि ती मला दिसली.